साडूची स्क्रिप्ट

लिफ्टमध्ये साडूने माझी कॉलर सरळ केली. एवढंच झालं. सकाळी घाईत शर्ट घातला की तिची एक बाजू आत दुमडते, तशी ती दुमडली असणार. त्याने बोलता बोलता हात पुढे केला, दोन बोटांनी कॉलर बाहेर काढली, वरून हलकेच थोपटली आणि लिफ्टमधल्या बाकीच्यांना म्हणाला, "आमचं म्युझियम आहे हे. जपावं लागतं." सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या हसण्याचा जास्त राग आला. लिफ्टच्या पत्र्यात मला माझे दात दिसत होते आणि तोंड मिटायचं सुचत नव्हतं. मजला आला, दार उघडलं, सगळे बाहेर पडले, साडू फोनवर बोलत पुढे गेला, आणि माझ्या मानेवर त्याची दोन बोटं तशीच राहिली. दिवसभर राहिली. मी जागेवर बसलो, पाणी प्यालो, रुमालाने मान पुसली. बायको म्हणेल, एवढंसं काय मनाला लावून घेता? तिचं बरोबरच असतं. एवढंसंच होतं. पण अशा एवढ्याएवढ्याशांचा माझ्या पोटात किती वर्षांपासून ढीग साचलाय ते तिला दिसत नाही, आणि दिसलं तरी ती झाडू घेऊन येईल.

हा माझ्या मेहुणीचा नवरा. आता माझा साहेब. लग्न झालं तेव्हा त्याच्या हाताला काम नव्हतं, आणि सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या की मी नोकऱ्या खिशात घेऊनच फिरतो. मीच त्याला इथे चिकटवला. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसवला. तो चलाख होता, नाही म्हणत नाही, पण त्याला कशाचंही वरवरचं साल पुरायचं. मी जुन्या यंत्रांचा, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरांचा माणूस. ती युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायची. युनिक्स म्हटलं की लोकांना ती एकच वस्तू वाटते, पण ज्याने ज्याने ती यंत्रं बनवली त्याने त्याने आपल्या घरची शिस्त त्यांना लावली. कमांडचं नाव सगळीकडे तेच, वागणं मात्र ज्याचं त्याचं. एका यंत्रावरची कमांड ओळ जरा लांब झाली की पुढचा मजकूर गुपचूप गिळून टाकायची आणि वर तक्रारही करायची नाही. दुसऱ्यावर फायलीचं नाव मोठं झालं की शेपूट कापलं जायचं. आमचा प्रोग्राम अशा सगळ्या यंत्रांवर बांधून, म्हणजे बिल्ड करून द्यायचा, हे माझं काम. कुठलं यंत्र कशावर रुसतं हे मला पाठ होतं. जी कमांड तिथे नसेल तिच्या जागी मी छोटीशी पर्यायी कमांड लिहून ठेवायचो. हत्यारं म्हणायचो मी त्यांना. एकेका हत्यारामागे एकेक आठवडा गेलेला, एकेक भांडण झालेलं. थोरलीच्या वेळी बायको दवाखान्यात होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून मी एक हत्यार कागदावर लिहून काढलं होतं. ते सगळ्यांत चांगलं उतरलं.

साडूला मी हे शिकवायला गेलो की तो म्हणायचा, "पण नव्या यंत्रावर तर हे सरळ चालतं." चालायचंच. नव्यावर सगळंच चालतं. लोक नवी यंत्रं घेत गेले, जुनी भंगारात गेली, आणि त्याबरोबर माझं बोलणंही हळूहळू भंगारातलं वाटायला लागलं. तो साहेब झाला त्यानंतरची ती मीटिंग मला अजून जशीच्या तशी दिसते. भिंतीवर माझी बिल्डची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडची फाइल, मोठी करून लावलेली. तो उभा, मी बसलेलो. "हे बघा," तो म्हणाला, "या फायलीत काम कमी आणि आजारी यंत्रांची काळजीच जास्त आहे." मग सगळ्यांदेखत त्याने एकेक तुकडा निवडायचा आणि पुसायचा असं सुरू केलं. प्रत्येक तुकडा गेला की फाइल आखूड व्हायची आणि कोणीतरी टाळी वाजवायचं. मला वाटलं कोणी विचारेल, हा तुकडा कशासाठी होता? कोणी विचारलं नाही. त्याच महिन्यात ऑफिसातलं जुनं यंत्र त्याने काढायला लावलं, त्यावरची माझी हत्यारं गेली, कपाटातल्या टेपा गेल्या. 'म्युझियम आवरा' असा त्याचा ईमेल होता आणि तेव्हापासून ते नाव मलाच चिकटलं. रविवारी मेहुणीकडे जेवायला गेलो तर हा वाढता वाढता म्हणाला, "साडूभाऊ, रागावला नाहीस ना?" मी म्हटलं, छे. परत येताना बायको म्हणाली, "त्याचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही." खरं होतं. नव्हतंच बघवत. त्याला एकदा, फक्त एकदाच, चारचौघांत तोंडघशी पडलेला बघायचं आणि मग सुखाने निवृत्त व्हायचं, यापलीकडे माझी काही इच्छा उरली नव्हती. देवाजवळही मी तेच मागायचो, आणि शेजारी बायको मुलींसाठी काही मागत असायची.

तर त्या दिवशी, लिफ्टच्या त्या प्रकारानंतर, दुपारी आम्हाला काचांच्या कारखान्यात जायचं होतं. चष्म्याच्या काचा घासणारा कारखाना. त्यांच्याकडे आमच्या जुन्या गिऱ्हाइकांतलं शेवटचं जुनं यंत्र होतं. घासणीची सगळी मशीनं त्याच्या तालावर चालायची आणि ती मशीनं दुसऱ्या कशाचं ऐकायची नाहीत, म्हणून ते ठेवलेलं. आमचा नवा प्रोग्राम त्या यंत्रावरच बिल्ड करून द्यायचा होता. एके काळी मी तिथे काही महिने बसून काम केलं होतं, आणि माझ्या सगळ्या हत्यारांची शेवटची प्रत त्या यंत्रावर, माझ्या लॉगिनच्या घरात होती. तिथे प्रत्येक लॉगिनला आपलं आपलं एक घर असतं, आपल्या फायली ठेवायची जागा. ती प्रत मी ऑफिसात आणली नाही. आणून कुठे ठेवू? इथे त्यांना बंदी. शिवाय मला वाटायचं, तिथल्या माझ्या घराला कोणी हात लावत नाही, तिथे ती तिजोरीत आहेत. साडूने बिल्डची नवी स्क्रिप्ट स्वतः लिहिली होती. निघण्याआधी त्याने मला खुर्चीसकट आपल्याकडे ओढलं. "बघ बरं, काही राहिलंय का? तुझी ती आजारी यंत्रं तूच ओळखतोस." पडद्यावर स्क्रिप्ट होती. आखूड, नीटनेटकी, नुकतीच हजामत करून आल्यासारखी. मी वाचत गेलो आणि वरच्या बाजूलाच थांबलो.

त्याने पहिल्यांदा यंत्राकडे एक तात्पुरती खोली मागितली होती, काम करायला. नव्या यंत्रांवर त्यासाठी तयार कमांड असते, ती रिकामी खोली बनवते आणि तिचं नाव तुमच्या हातात देते. मग त्या खोलीत जायचं, सामानाचं, म्हणजे प्रोग्रामच्या फायलींचं, गाठोडं सोडायचं, बिल्ड करायचा, तयार प्रोग्राम बाहेर नेऊन ठेवायचा, आणि शेवटच्या ओळीत खोली झाडून टाकायची. जे असेल ते सगळं पुसायचं, विचारायचं नाही. चोख काम. फक्त त्या कारखान्यातल्या यंत्रावर खोली देणारी ती कमांडच नाही. ती जन्माला येण्याआधीचं ते यंत्र. मग खोलीचं नाव कोरं राहणार. आणि कोऱ्या पत्त्यावर जा म्हटलं की युनिक्स कुरकुर करत नाही, ते तुम्हाला तुमच्या घरी नेऊन सोडतं. मग सगळा पसारा घरात, बिल्ड घरात, आणि शेवटची ओळ झाडून टाकणार ते घर. मला हे दिसायला जेमतेम एक श्वास लागला. माझ्या स्क्रिप्टांत मी ती खोली नेहमी हाताने बनवायचो, नाव स्वतः द्यायचो, आत पोचलो की नाही हे तपासायचो आणि मगच पुढचं. मीटिंगमध्ये टाळ्यांच्या गजरात पुसलेला पहिला तुकडा तोच होता. साडूचं त्या यंत्रावरचं घर म्हणजे त्याने कारखान्यासाठी गेले काही महिने रचून तिथे पाठवून ठेवलेलं सगळं: नव्या काचांची कोष्टकं, मालकाला दाखवायचे नमुने. ते सगळं मालकाच्या डोळ्यांदेखत साफ होणार होतं आणि स्वतः लिहिलेल्या ओळीने होणार होतं. "काय रे? आहे काही?" त्याने विचारलं. "छान आहे," मी म्हणालो. "सुटसुटीत आहे." तो खूश झाला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची थाप मला गोड लागली.

गाडीत तो चालवत होता आणि बोलत होता, मी ऐकत नव्हतो. मी त्याच्या कानाकडे बघत होतो. तो कान लाल होताना कसा दिसेल याचा विचार करत होतो. मालक काय म्हणेल, साडू काय म्हणेल, मी किती वेळ गप्प बसायचं, कधी हळूच म्हणायचं की असं होऊ नये म्हणून तर तो तुकडा होता रे बाबा. 'रे बाबा' ठेवायचं की काढायचं यावर मी दोन चौकांएवढा विचार केला. रविवारी मेहुणीकडे ताटावर बसल्यावर त्याची मान कशी खाली असेल, बायको मला कोपराने ढोसून कशी विचारेल, "अहो, झालं काय?", आणि मी कसं मोठ्या मनाने म्हणेन, "काही नाही गं, होतं असं एखाद्याचं." मध्येच सिग्नलला तो म्हणाला, "धाकटीची फी भरलीस का? नसेल तर सांग, लाजू नकोस." मला चीड आली. उपकार करायचीही याला हीच वेळ सापडावी? माझा डाव कडू करायला हा माणूस नकळतसुद्धा काहीतरी करतोच. मी म्हटलं, भरली. भरलेली नव्हती. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, आणि तो पुसतोय तो पुसतोच आहे असं मला सिग्नल सुटेपर्यंत वाटत राहिलं.

कारखान्यात ओल्या दगडाचा वास असतो. घासणीची मशीनं ओळीने उभी, त्यांच्यातून पांढरट पाणी गळत असतं, आणि प्रत्येक मशीन एक काच संपली की पुढच्या काचेचे आकडे जुन्या यंत्राकडे मागतं. ते यंत्र कोपऱ्यात काचेच्या खोलीत होतं. मालक आले, यंत्र सांभाळणाऱ्या बाई आल्या. बाईंनी मला ओळखलं, "बऱ्याच दिवसांनी!" म्हणाल्या. साडू खुर्चीत बसला, त्याने लॉगिनला पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. तो हसला, बोटं मोडली, पुन्हा टाकला. "विसरलो यार," तो म्हणाला आणि खुर्चीवरून उठला. "साडूभाऊ, तुझ्या लॉगिनने कर. स्क्रिप्ट आणि सामान सगळ्यांच्या सामायिक जागेत टाकलंय, कोणाच्याही घरातून चालतं ते." मी उभाच राहिलो. "बस ना," तो म्हणाला. मी बसलो. माझा पासवर्ड माझ्या बोटांना माझ्याआधी आठवला, आणि मी माझ्या घरात आलो. मी सवयीने यादी मागितली. सगळी होती. सगळी हत्यारं, मी दिलेल्या विचित्र नावांनी, आपापल्या तारखा घेऊन. दवाखान्यातल्या बाकावरचंही होतं.

आता एक वाक्य बोलायचं होतं. 'थांबा, इथे ती कमांड नाही', बस. पण ते वाक्य बोललो की काय होणार हेही मला तितकंच स्वच्छ दिसत होतं. साडू म्हणणार, अरे वा, बरं झालं बघितलंस. दोन ओळी बदलणार. मालक मान डोलावणार. आणि साडू वाचणार. माझ्या हातून वाचणार. वर विचारणार की मग सकाळी कसं नाही दिसलं? दुसरीही वाट होती. काहीतरी कारण काढायचं, हत्यारं दुसरीकडे हलवायची, मग चालवायचं. पण साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, आणि मी फायली हलवायला लागलो असतो तर त्याने विचारलंच असतं की हे कशाला? माझ्या मानेवर पुन्हा ती दोन बोटं आली. या वेळी खरीच आली. त्याने सहज मान चेपली, आपल्या माणसाची चेपतात तशी. "चालव ना," तो म्हणाला, "का तुझ्या म्युझियमची परवानगी लागते?" मालक हसले. बाईसुद्धा हसल्या. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनात म्हटलं, जाऊ दे. माझं घर जळालं तरी चालेल, धूर याच्या डोळ्यांत गेला पाहिजे. बिल्ड तर मध्येच कुठेतरी मोडणारच आहे, या यंत्राला त्यातल्या अर्ध्या कमांड कळत नाहीत. मोडेल, लाल तोंडाने हा उभा राहील, तेवढं मला पुरे. मी एंटर दाबला. फार वर्षांनी स्वतःच्या मनासारखं काही केल्यावर येतो तसा हलकेपणा आला.

पहिलीच ओळ आली: कमांड सापडली नाही. ती वर सरकून गेली. साडू मालकांना काही सांगत होता, त्याने बघितली नाही. मग सामानाचं गाठोडं सुटलं. मी चमकलो. दाबून बांधलेलं गाठोडं एका दमात सोडणं या यंत्राला येत नाही. पुढची ओळ पार पडली, त्याच्या पुढचीही. फायलीतल्या फायलीत मजकूर बदलणारी कमांड इथे अडणार, अशी माझी पक्की खात्री होती. नाही अडली. आणि मग मला कळलं. माझ्या लॉगिनने चालवलं की यंत्र कमांड शोधायला आधी माझ्या घरात बघतं, आणि माझ्या घरात माझी हत्यारं होती. गाठोडं सोडणारं माझं होतं. मजकूर बदलणारं माझं होतं. जिथे जिथे साडूची ओळ पडायला आली तिथे तिथे माझं काहीतरी पुढे होऊन तिला हात देत होतं. मीच लिहिलेली, इतक्या वर्षांपूर्वी लिहिलेली, माझीच माणसं त्याच्या बाजूने राबत होती आणि मी बघत होतो. फक्त खोली देणारं हत्यार मी कधी लिहिलं नव्हतं, कारण मला ते कधी लागलं नव्हतं. बिल्ड पुरा झाला. नवा प्रोग्राम आपल्या जागी जाऊन बसला. बाहेर मशीनं नवे आकडे घ्यायला लागली. शेवटची झाडून टाकणारी ओळ चालली, आवाज न करता, आणि खाली यंत्राचं नाव पुन्हा उभं राहिलं.

"झालं!" साडू म्हणाला. मालकांनी त्याचा हात हातात घेतला. "कमाल आहे तुमच्या साडूंची," ते मला म्हणाले. "आम्हाला वाटलं होतं दोन दिवस जातील." मी होय म्हणालो. मी यादी मागितली नाही. मागायची गरज नव्हती. मला कोणाशीही बोलायचं नव्हतं. मला घरीही जायचं नव्हतं. हा जिंकला होता, माझ्या जिवावर जिंकला होता, आणि हे मी मरेपर्यंत कोणाला सांगू शकत नव्हतो. तेवढ्यात बाई पुढे आल्या. "मला एकदा माझ्या हाताने करू द्या ना. पुढच्या वेळी तुम्ही नसाल, मलाच करावं लागेल." "अहो, या की!" साडू म्हणाला. "मूलसुद्धा करेल." मी खुर्चीतून उठलो. बाईंनी पदर खोचला, चष्मा वर केला आणि कमांडचं एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केलं.

नवा प्रोग्राम बांधायला घेण्याआधी स्क्रिप्ट जुना काढून टाकते. जुना निघाला. माझं घर आता रिकामं होतं. एकामागून एक ओळी यायला लागल्या: सापडली नाही, कळलं नाही, उघडता येत नाही. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. या वेळी साडू बघत होता. "असं कसं? आत्ता तर चाललं!" बाईंनी हात कीबोर्डवरून असा उचलला, चटका बसल्यासारखा. "मी काही चुकीचं दाबलं का हो?" बाहेर एक मशीन थांबलं. काच संपली, त्याने पुढचे आकडे मागितले, द्यायला कोणी नव्हतं. मग त्याच्या शेजारचं थांबलं. मालक दाराशी जाऊन उभे राहिले. ओळीतली सगळी मशीनं बंद पडत गेली आणि शेवटी नुसतं पाणी गळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. साडूने पुन्हा चालवून बघितलं. तेच. त्याचा कान लाल झाला होता. माझ्या मनात होता त्यापेक्षाही लाल. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. मी बघून घेतलं. मनसोक्त बघून घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मालक म्हणाले, "साहेब, आज संध्याकाळचा माल आहे माझा." साडू "हो हो, लगेच" म्हणाला आणि माझ्याकडे वळला. त्याने माझा दंड धरला, मला भिंतीशी नेलं. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तू पूर्वी या यंत्रांसाठी काहीतरी करून ठेवायचास ना? तुझी ती हत्यारं? मी तेव्हा नको नको म्हणालो, गाढव आहे मी. या लोकांच्या समोर सांगतो हवं तर. पण आत्ता तेच लागणार आहे, दुसऱ्या कोणाला हे जमायचं नाही. इथे असतील ना रे ती तुझ्याकडे?"

"होती," मी म्हणालो.

त्याने पुरतं ऐकलंच नाही. तो वळून मोठ्याने म्हणाला, "आहे, यांच्याकडे आहे, हेच करतील आता," आणि मालकांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.